पालकमंत्री महोदय, त्या ड्रममध्ये काय होतं हे गावाला कोण सांगणार?

मा. पालकमंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

काल आपल्या कार्यालयाचं पत्र मिळालं. 'आपला अर्ज पुढील योग्य त्या कार्यवाहीस्तव परिवहन विभागाकडे वर्ग करण्यात येत आहे.' साहेब, अर्ज माझ्या बायकोच्या डोळ्याच्या उपचाराचा होता. तो वाचलाच गेला नाही, म्हणून आता सगळ्यांसमोर लिहितो.

हिंगणघाट ते पांढरकवडा या पट्ट्यात, नागपूर-हैदराबाद महामार्गाला लागून आमचं गाव. ऐन वेचणीत आमच्या वावराशेजारी ट्रक कलंडला आणि ड्रम नालीत घरंगळले. सडक्या मासोळीसारखा वास, त्यात अमोनियाचा भपका. बाया धुऱ्याकडे पळाल्या. माझी बायको ड्रायव्हरकडे धावली. पदरानं त्याचं तोंड पुसलं आणि त्याच ओल्या हातानं स्वतःचा डोळा चोळला.

संध्याकाळी अनेकांना दिव्याभोवती निळसर वलयं दिसू लागली. दवाखान्यात पहिला प्रश्न आला, कोणतं औषध फवारलं? आणि तिथल्या नळाला पाणी नव्हतं.

ड्रमवर १२९६ हा आकडा होता. बी. फार्म. शिकणाऱ्या भाच्याला फोटो पाठवला, तेव्हा नाव कळलं: ट्रायइथाइलअमिन. औषधांवर संशोधन करताना, औषध बनवताना जे आम्ल सुटतं ते धरून ठेवायला हे लागतं. प्रयोगशाळेत चष्मा, हातमोजे घालून, वाफ बाहेर ओढणाऱ्या कपाटातच ते उघडतात. शून्याखालच्या तापमानातही त्याची वाफ ठिणगीनं पेटते, आणि आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ वर जातो. वाफ हवेच्या साडेतीन पट जड, त्यामुळे ती नालीत, खोलगट वावरात साचून राहते. त्याच नालीवर लोक बिडी ओढत उभे होते! सांडलं तर भुसा टाकायचा नाही, कोरडी वाळू टाकायची. वाफेनं बुबुळाला सूज येते, तीच ती वलयं. ती बहुधा काही तासांत जातात. पण थेंब डोळ्यात गेला की जाळतो. तेव्हाच्या तेव्हा किमान १५ मिनिटं वाहत्या पाण्यानं डोळा धुवावा लागतो.

माझ्या बायकोला ते पाणी मिळालं नाही. त्या डोळ्यानं तिला आता माझा चेहरा ओळखू येत नाही. पऱ्हाटीचं बोंड चाचपून वेचते. नागपूरच्या चकरांसाठी बैलजोडी विकली. रात्री विचारते, "दुसरा तरी टिकंन ना?" मी काय सांगू?

आपण त्याच रस्त्यावर उभं राहून उपचाराचा खर्च, दवाखान्यात डोळे धुण्याची सोय आणि सरपंच, पोलीस पाटलांना प्रशिक्षण कबूल केलं होतं. यातलं काहीही झालेलं नाही.

कायदा नाही असं म्हणू नका. १९८९ च्या मोटार वाहन नियमांनुसार अशा ट्रकच्या मागे आणि दोन्ही बाजूंना रसायनाचं नाव, क्रमांक आणि फोन नंबरचा फलक लागतो, ड्रायव्हरजवळ लेखी सूचना लागतात. त्या ट्रकवर फलक नव्हता. १९९६ च्या नियमांनी जिल्ह्याजिल्ह्यात रासायनिक अपघातांसाठी गट नेमायला सांगितलं. तो गट आमच्या गावानं कधी पाहिला नाही. हे नियम १९८४ च्या भोपाळनंतर आले. तिथला विषारी वायूही मिथाइलअमिन या, ट्रायइथाइलअमिनच्याच कुळातल्या रसायनापासून बनत होता. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषानं वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले, तेव्हाही चौकशी समित्या आल्या, हातमोजे वाटले. वावरात मरणाऱ्या माणसाचा हिशोब या सरकारांनी, मग ते कुणाचंही असो, कधी मांडलाच नाही. औषध शहरात विकलं जातं, नफा कंपनीला, आणि रस्त्यावर सांडलेलं आमच्या वाट्याला!

दवाखान्यात आधी पाण्याचा नळ सुरू करा. टोलनाक्यावर फलक नसलेला ट्रक अडवा. आणि माझ्या बायकोवर नागपुरात शस्त्रक्रिया होऊ शकते का, हे एखाद्या डॉक्टरला विचारून मला लेखी कळवा.

आपला,
महामार्गालगतचा एक कापूस उत्पादक शेतकरी