तक्रार पत्र : हिमराक्षस गळून गेल्यावर दाखवलेले झाओ

नाशिक,
दि. 7 एप्रिल 2025

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग
(मुंबई कार्यालयाच्या पत्त्यावर रजिस्टर पोस्टाने, प्रत ईमेलने)

विषय : 13 ते 21 मार्च 2025 या काळातील ‘बर्फ आणि साकुरा’ जपान सहलीची दिशाभूल करणारी जाहिरात व रक्कम परत मिळण्याबाबत.

महोदय,

मी, माझे यजमान, मुलगी आणि 76 वर्षांच्या सासूबाई असे आम्ही चौघे आपल्या वरील सहलीला आलो होतो. माणशी 2,78,000 रुपयांप्रमाणे 11,12,000 रुपये आम्ही डिसेंबरातच भरले. परत आल्यावर 24 मार्चला मी आपल्याला ईमेलने तक्रार कळवली. तीन दिवसांनी दोन ओळींचे उत्तर आले, ‘निसर्गावर कंपनीचे नियंत्रण नसते.’ हेच वाक्य आपले टूर मॅनेजर आठ दिवस ऐकवत होते, फक्त ते ‘निसर्ग आहे मॅडम’ एवढ्यात आटपत. म्हणून हे सविस्तर पत्र.

माझी तक्रार निसर्गाबद्दल नाही. तक्रार आपल्या कॅलेंडरबद्दल आहे.

आपल्या माहितीपत्रकाच्या मुखपृष्ठावर यामागाता प्रांतातल्या झाओ ओन्सेन स्की रिसॉर्टचे हिमराक्षस, म्हणजे बर्फाने पूर्ण मढलेली झाडे, आहेत. पांढरेशुभ्र, दोन-तीन पुरुष उंचीचे, शेकड्यांनी उभे. पान उलटले की गुलाबी साकुरा, म्हणजे चेरीचा बहर. मी 31 वर्षे शाळेत भूगोल शिकवला आहे, त्यामुळे यात थोडी चूक माझीही, कारण ही दोन चित्रे एका आठवड्यात बसत नाहीत हे मला तेव्हाच खटकायला हवे होते. पण फोटो मोठे होते आणि तारखा बारीक.

हिमराक्षस, म्हणजे जपानी भाषेत ‘जुह्यो’, कसे तयार होतात ते आपल्या कार्यालयात कोणालातरी माहीत असेलच. सैबेरियाकडून येणारे कोरडे गार वारे जपानच्या समुद्रावरून बाष्प उचलतात आणि झाओच्या डोंगरावर चढतात. त्या ढगांतले पाण्याचे थेंब शून्याखाली जाऊनही न गोठता तरंगत असतात. फर वृक्षाच्या पानाला टेकले की तिथेच गोठतात. वर बर्फ चिकटतो, मग पुन्हा थेंब. असे थरावर थर चढत जाऊन अख्खे झाड आत गडप होते. हे सगळे ऐन हिवाळ्याचे काम. फेब्रुवारीत ते भरात असतात आणि मार्च लागला की ऊन आणि पाऊस त्यांना उतरवू लागतात. आम्हाला आपण झाओला नेले 16 आणि 17 मार्चला.

16 तारखेला वारा होता. रोपवेचा खालचा टप्पा चालू होता, जुह्यो कोगेन स्थानकापर्यंत. तिथून 1,661 मीटरवरच्या जिझो सांचो स्थानकाला जाणारा वरचा टप्पा बंद ठेवला होता. याबद्दल माझे काही म्हणणे नाही. वाऱ्यात पाळणे चालवू नयेत एवढी अक्कल आम्हालाही आहे, आणि तिथले कर्मचारी दर अर्ध्या तासाने बाहेर येऊन, वाकून, हातातला फलक दाखवून परिस्थिती सांगत होते. भाषा कळत नव्हती, पण आपल्याला कोणी विसरलेले नाही हे कळत होते. आपले टूर मॅनेजर त्या वेळी खाली कॉफी पीत होते.

दुसऱ्या दिवशी कार्यक्रमात होते खाली शहरातल्या मॉलमध्ये खरेदी. आम्ही अकरा जणांनी बसमध्ये बसायलाच नकार दिला, तेव्हा कुठे ‘चाळीस मिनिटांत परत या’ या अटीवर वर जायला मिळाले. वर ऊन होते, आकाश निळे होते आणि समोर झाडे होती. नुसती झाडे. कुठे खांद्यावर ओला गोळा, कुठे एका बाजूला लोंबणारा बर्फ, बाकी हिरवट काळे सुळके. बरीच झाडे तर राखाडी, वाळून कोळ झालेली. 2013 नंतर तिथल्या फर वृक्षांना आधी पतंगाच्या अळ्यांनी आणि मग खोडकिड्यांनी पोखरले, शिखराजवळची कित्येक मेली. पाने नाहीत तिथे राक्षस तरी कशाला धरून उभा राहणार? मुलीने मुखपृष्ठ समोर धरून फोटो काढला. तो सोबत जोडला आहे, शेजारी शेजारी पाहावा.

सासूबाईंना मात्र तिथला जिझो, म्हणजे बौद्धांचा बोधिसत्त्व, आवडला. 1775 साली बसवलेली दगडी मूर्ती, बर्फात गळ्यापर्यंत बुडालेली, वर फक्त डोके. त्यांनी हात जोडले आणि म्हणाल्या, ‘याला तरी कोणी आधी सांगायचं, किती दिवस बसावं लागणार ते.’

आता साकुरा. 19 आणि 20 मार्चला आम्ही टोकियोत होतो आणि उएनो बागेत आम्हाला कळ्या दाखवल्या. टोकियोतला बहर जपानचे हवामान खाते जाहीर करते. त्यासाठी यासुकुनी देवळातले एक झाड ठरलेले आहे, त्यावर पाच-सहा फुले उमलली की बहर सुरू. या वर्षी ती उमलली 24 मार्चला, पूर्ण बहर 30 ला. आम्ही 21 ला पहाटे मुंबईत उतरलो होतो. बहर चार दिवस पुढेमागे होतो हे मान्य. पण राक्षस गळून गेलेत आणि कळ्या उमलायच्या आहेत, नेमका तोच आठवडा शोधून काढायला अभ्यास लागतो. मे महिन्यात लोकांना कासच्या पठारावर फुले बघायला नेले आणि वर ‘निसर्ग आहे’ म्हटले, तर सातारकर काय म्हणतील? ही तारीख आपण का निवडली, याचे उत्तर मला तुमच्याच दरपत्रकात मिळाले. फेब्रुवारीची झाओ सहल माणशी 71,000 रुपयांनी महाग आहे.

ओन्सेनबद्दल, म्हणजे गरम झऱ्यांच्या पाण्यातल्या स्नानाबद्दल. माहितीपत्रकात ‘बर्फात बसून उघड्यावर गरम पाण्याचे स्नान’ असे छापले आहे आणि फोटो झाओच्या दरीतल्या त्या प्रसिद्ध मोठ्या उघड्या कुंडाचा आहे. ते कुंड हिवाळ्यात बंद असते. वसंतात उघडते. म्हणजे आपण छापलेला अनुभव त्या ठिकाणी कोणालाच, कोणत्याच दरात मिळू शकत नाही. आमची सोय हॉटेलच्या आतल्या हौदात केली. तिथे सर्वांनी विवस्त्र उतरायचे असते, बायका बायकांच्या आणि पुरुष पुरुषांच्या बाजूला. हे निघण्यापूर्वीच्या बैठकीत सांगायला हवे होते. त्या बैठकीत आम्हाला जॅकेटच्या भाड्याबद्दल पंचवीस मिनिटे सांगितले.

त्यातून सासूबाईंच्या मनगटावर तुळशीवृंदावन गोंदलेले आहे, लहानपणी जत्रेत काढलेले, आता निळसर पुसट. दारावरच्या फलकावर गोंदण असलेल्यांनी पाण्यात उतरू नये असे चित्र होते. काउंटरवरच्या मुलीने शंभर वेळा क्षमा मागितली आणि कातडीच्या रंगाच्या दोन चिकटपट्ट्या आणून दिल्या. सासूबाई म्हणाल्या, ‘तुळस झाकून अंघोळ करायची? मी नाही करत.’ शेवटी वेगळी खाजगी खोली पाऊण तासासाठी घेतली, 3,300 येन माझ्या खिशातून. हॉटेलवाल्यांचा यात दोष नाही, तो त्यांचा नियम आहे आणि तो सगळ्यांना सारखा आहे. पण सुशिक्षित टूर कंपनीने साठीच्या पुढच्या मराठी बायकांना ओन्सेनला नेताना हातावरचे गोंदण विचारात घेऊ नये? आमच्या पिढीच्या मागची प्रत्येक दुसरी बाई गोंदलेली आहे.

जेवणात ‘शाकाहारी व जैन भोजनाची हमी’ होती. रोपवे स्थानकाच्या बाहेर एक मावशी मोठ्या पातेल्यात सोया सॉसमध्ये शिजणारे तपकिरी गोळे काडीला तीन-तीन लावून विकत होत्या. तामा कोन्न्याकु. टूर मॅनेजर म्हणाले, ‘घ्या, शंभर टक्के व्हेज.’ आमच्यासोबत सांगलीचे एक जैन कुटुंब होते, त्यांनी थंडीत आनंदाने घेतले. कोन्न्याकु हा कंद आहे, आपल्या सुरणाच्याच कुळातला, म्हणजे त्यांना तिथेच वर्ज्य. आणि पातेल्यात चवीला सोडलेली पट्टी कसली म्हणून मुलीने फोनवर भाषांतर करून विचारले, तर मावशींनी मोकळेपणाने सांगितले, सुरुमे, वाळवलेला माकुळ, म्हणजे स्क्विड. त्या काकूंनी हातातली काडी हळूच कचराकुंडीत ठेवली आणि संध्याकाळी जेवल्या नाहीत. त्यांची तक्रार त्या वेगळी करतील. मी फक्त पाहिलेले सांगते.

मुलीचे ‘दोन तास स्की प्रशिक्षण’ पस्तीस मिनिटांचे झाले. आपण फॉर्मवर बुटांचे माप भारतीय पद्धतीने ‘6’ आणि ‘8’ असे लिहून पाठवलेत. तिथे माप सेंटिमीटरमध्ये चालते. सगळ्यांचे पाय पुन्हा मोजण्यात उरलेला वेळ गेला. प्रशिक्षक मात्र फार गोड माणूस. इंग्रजी दहा शब्द, पण स्कीची टोके जवळ आणि मागची बाजू फाकवून जपानी लिपीतले ‘हा’ हे अक्षर करून दाखवत होता. त्या पस्तीस मिनिटांत मुलगी तीनदा पडली आणि चौथ्यांदा थांबायला शिकली. सहलीतले हेच एक काम पैसे वसूल करणारे झाले.

माझी मागणी अशी. एकूण रकमेच्या पंचवीस टक्के म्हणजे 2,78,000 रुपये परत करावेत. चौघांपैकी एकाचे पैसे. ज्या दोन गोष्टींच्या नावावर सहल विकली त्यांतली एकही मिळाली नाही, त्यामानाने ही मागणी सौम्य आहे. याशिवाय 16 मार्चच्या वरच्या टप्प्याच्या तिकिटांचा हिशेब द्यावा. टूर मॅनेजर म्हणाले तिकिटे ‘नॉन-रिफंडेबल’ होती. खिडकीवर विचारले तेव्हा कळले की त्या दिवशी आपल्या गटाने वरच्या टप्प्याची तिकिटे काढलीच नव्हती. खाजगी खोलीचे 3,300 येनही द्यावेत, पावती जोडली आहे.

आणि एक. आपल्या संकेतस्थळावर हीच सहल, हेच मुखपृष्ठ, 2026 साठी 13 मार्चच्या तारखेने पुन्हा लावलेली काल पाहिली. ती तारीख किंवा तो फोटो, दोन्हींपैकी एक काढावे.

तीस दिवसांत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, 2019 खाली जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. त्या कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची व्याख्या आहे, दाव्याला दोन वर्षांची मुदत आहे आणि मी निवृत्त आहे, त्यामुळे तारखांना हजर राहायला वेळच वेळ आहे.

आपली,
(सही)

सोबत : माहितीपत्रकाची प्रत, 17 मार्चचे फोटो, पैसे भरल्याच्या पावत्या, ईमेलची प्रत.

ता. क. – झाओचे पाणी गंधकाचे आणि फार आम्ल आहे, चांदी त्यात काळी पडते. हेही कोणी सांगितले नव्हते. पायातली माझी जोडवी वीस मिनिटांत कोळशासारखी झाली. चिंच लावून झाली, रांगोळीने घासून झाली. शेवटी सराफाने पॉलिशचे 350 रुपये घेतले. ते मागणीत धरलेले नाहीत.