कल्चर स्वच्छ, तरी दुखणे खरे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

ओटीपोटात कळ, लघवी झाल्यावर जेमतेम तासाभराचा आराम आणि पुन्हा तीच कळ, असे माझे चार वर्षे चालले. नागपूरच्या उन्हाळ्यात बाईने ही तक्रार केली की घरी ‘उन्हाळी लागली असेल, धन्याचे पाणी पी’ म्हणतात आणि दवाखान्यात प्रतिजैविके मिळतात. माझ्या लघवीच्या कल्चरमध्ये, म्हणजे जंतू शोधण्याच्या तपासणीत, एकदाही जंतू आढळले नाहीत, तरी सहा कोर्स झाले; शेवटी एका ठिकाणी ‘सारे मनाचे आहे’ असेही ऐकावे लागले.

मूत्राशयाच्या या दुखण्याला इंटरस्टिशियल सिस्टायटिस म्हणतात. जंतुसंसर्ग नसताना त्रास सहा आठवड्यांहून अधिक टिकला, तर मुतखडा, क्षय, कर्करोग नाही ना हे पाहून या आजाराचा विचार व्हायला हवा. तो समूळ बरा करणारे औषध नाही, परंतु वेदना आटोक्यात आणणारे उपाय बरेच आहेत. चहा, तिखट आणि आंबट पदार्थ बंद करून मग एकेक पुन्हा सुरू केला, तेव्हा मला सर्वाधिक त्रास संत्र्याने होतो हे कळले (आमच्या गावात हे सांगणेही जड जाते!), प्रत्येकीचे पथ्य मात्र वेगळे असू शकते. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आखडलेले असतील तर ते सैल करणारी फिजिओथेरपी लागते, आवळण्याच्या व्यायामाने दुखणे वाढू शकते. रात्री कमी मात्रेत दिली जाणारी अमिट्रिप्टिलीन ‘नैराश्याची गोळी’ म्हणून घरचे बंद करायला लावतात. इथे ती वेदनेसाठी असते. या आजारावरचे पेंटोसान हे औषध दीर्घकाळ घेणाऱ्या काहींच्या डोळ्यांच्या पडद्यावर परिणाम आढळल्याने अमेरिकेत 2020 मध्ये औषधाच्या माहितीपत्रकात तसा इशारा आला. म्हणून ते सुरू करण्यापूर्वी व नंतरही नेत्रतपासणी हवी. याखेरीज नळीवाटे मूत्राशयात औषध सोडणे, दुर्बिणीतून मूत्राशयाच्या आतल्या अस्तरावर हन्नर व्रण (या आजारातील विशिष्ट जखमा) दिसल्यास ते जाळणे, बोटॉक्सची इंजेक्शने असे मार्ग आहेत. अमेरिकी मूत्ररोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2022 मध्ये उपचारांची ठरलेली उतरंड काढून, रुग्णाशी चर्चा करून उपाय निवडावा असे सुचवले आहे.

ही चर्चा होण्यासाठी मेडिकल, मेयो आणि एम्स या नागपूरच्या सरकारी रुग्णालयांत आठवड्यातून एक दिवस मूत्ररोगतज्ज्ञ, स्त्रीरोगतज्ज्ञ व फिजिओथेरपिस्ट एकाच बाह्यरुग्ण कक्षात बसावेत, अशी माझी विनंती आहे. विदर्भाच्या खेड्यांतून येणाऱ्या बाईला तीन विभागांच्या तीन चिठ्ठ्या आणि तीन दिवसांची मजुरी परवडत नाही.

आपली,
एक वाचक, धरमपेठ, नागपूर