तारखा जुळवणाऱ्या वकीलताईंस

वकीलताई,
सप्रेम नमस्कार.

आम्ही सोलापूर जिल्ह्यात पोक्सोच्या, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याच्या, प्रकरणांत सपोर्ट पर्सन म्हणून, म्हणजे तपासात आणि खटल्यात मुलाच्या सोबतीला, काम करणारी मंडळी. समोरासमोर आभार मानायला गेलं की तुम्ही लगेच पुढच्या तारखेचं विचारता, म्हणून हे उघड पत्र. वसतिगृह, बालगृह, आश्रमशाळा, मठ अशा ठिकाणी अत्याचार झालेल्या मुलांसाठी वकिलाने नेमकं काय करायचं असतं, ते तुमच्या कामातून कळलं. मुलाला कमीत कमी वेळा बोलावं लागावं आणि बाकीचं कागदांनी बोलावं, हा तुमचा हट्ट. आभार त्या हट्टाचे.

त्यातही पहिले आभार तुमच्या वहीचे. मूल कधीच ‘अमुक तारखेला’ असं सांगत नाही. ते सांगतं, ‘गड्ड्याच्या जत्रेहून परत आलो त्या रात्री’, ‘आई-बाबा ऊसतोडीला गेले तेव्हा’, ‘शाळेत वारकरी उतरले होते त्याच्या आधी’. तुमच्या वहीत डाव्या रकान्यात मुलाचे शब्द जसेच्या तसे असतात. कन्नड, तेलुगू, लमाणी, जी भाषा असेल ती. उजव्या रकान्यात त्या वर्षाचं कॅलेंडर. गड्डा म्हणजे जानेवारीतले संक्रांतीचे दिवस, तोड म्हणजे दिवाळीच्या आगेमागे सुरू होणारा हंगाम, आषाढी मात्र दरवर्षी सरकते, ती त्याच वर्षाची बघायची. मुलाला तारीख सुचवायची नाही, हा नियम. आणि तारीख पक्की नसेल तर ‘जानेवारीचा दुसरा पंधरवडा’ एवढंच लिहायचं. उगाच नेमकी तारीख टाकली आणि वसतिगृहाच्या रजा रजिस्टरवर त्या दिवशी मूल गावी असल्याची नोंद निघाली, की आरोपीचा वकील सगळी उलटतपासणी त्याच एका ओळीवर उभी करतो. म्हणून हजेरी, रजा आणि गेट रजिस्टर जप्त करण्याचं पत्र तुम्ही पहिल्याच आठवड्यात तपास अधिकाऱ्याकडे देता. सीसीटीव्हीचं तर त्याच दिवशी, कारण रेकॉर्डिंगवर काही दिवसांत नवं रेकॉर्डिंग चढतं. नंतर ते मिळालंच, तरी भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं, प्रमाणपत्र नसेल तर कोर्टात अडतं.

तारखेवर कायदाही ठरतो, कारण गुन्ह्याच्या दिवशी जो कायदा होता तोच लागतो. पोक्सो 14 नोव्हेंबर 2012 पासून. त्यातल्या कलम 6 ची (गंभीर स्वरूपाचा लैंगिक प्रवेशाचा गुन्हा) किमान शिक्षा 16 ऑगस्ट 2019 आधी 10 वर्षं, त्यानंतर 20. भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता 1 जुलै 2024 पासून. आता पंचविशी-तिशीत असलेली माणसं ‘फार उशीर झाला’ म्हणून परत जायला निघतात, तेव्हा तुम्ही त्यांना बसवून सांगता की 3 वर्षांहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्याला तक्रारीची मुदत नाही. खाच एवढीच की 3 फेब्रुवारी 2013 च्या आधी भारतीय दंड संहितेच्या कलम 354 ला (स्त्रीचा विनयभंग) शिक्षा कमाल 2 वर्षं होती, म्हणजे मुदत 3 वर्षं. नुसतं तेवढंच कलम लागलं तर प्रकरण दारातच अडकतं. तिथे विलंब माफ करण्याचा अर्ज सोबतच जोडावा लागतो.

वयाच्या पुराव्याबद्दल तुमच्या तोंडून ऐकेपर्यंत आम्हीही शाळा सोडल्याचा दाखला म्हणजे रामबाण समजत होतो. सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2023 मध्ये सांगितलं की बाल न्याय अधिनियमाच्या कलम 94 साठी तसा दाखला किंवा प्रवेश रजिस्टरचा उतारा पुरत नाही. दहावीचं प्रमाणपत्र, शाळेचं जन्मतारखेचं प्रमाणपत्र, नाहीतर महापालिका-ग्रामपंचायतीचा जन्मदाखला हवा. हाडांची तपासणी अगदी शेवटी. तांड्यावर जन्मलेल्या मुलांची जन्मनोंद शोधायला वेळ जातो, म्हणून ते काम एफआयआरच्याच आठवड्यात सुरू करायचं.

एफआयआरचं म्हणाल तर संस्था ग्रामीण पोलिसांच्या हद्दीत आणि घर शहर आयुक्तालयात, हे आपल्याकडे नेहमीचं. कुठल्याही ठाण्यात झिरो एफआयआर होतो, हे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 वर बोट ठेवून दाखवणं तुम्ही आम्हाला शिकवलंत. त्याहून महत्त्वाचं, कलमं वाचायला शिकवलंत. आरोपी वसतिगृहाचा अधीक्षक असूनही एफआयआरमध्ये पोक्सोचं साधं कलम 8 (प्रवेशाविना लैंगिक हल्ला) पडतं, म्हणजे 3 ते 5 वर्षं. शिक्षण संस्थेचे, धार्मिक संस्थेचे आणि मुलांना सेवा देणाऱ्या कुठल्याही संस्थेचे चालक-कर्मचारी यांचा गुन्हा गंभीर गणला जातो; तिथे कलम 10 हवं, 5 ते 7 वर्षं. आणि ज्यांना माहीत असून कळवलं नाही त्यांच्यावर कलम 21. संस्थेच्या प्रमुखाला त्यात 1 वर्षापर्यंत कैद आहे. ‘आधी आमची अंतर्गत चौकशी होऊ द्या’ म्हणत पाच विश्वस्तांसमोर मुलाला उभं करणाऱ्यांना हे कलम वाचून दाखवलं की खोलीत शांतता पसरते. समझोत्याचंही तसंच. नोव्हेंबर 2024 मध्ये एका शिक्षकाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की आपसात मिटलं म्हणून असा गुन्हा रद्द होत नाही.

सिव्हिलमधली तपासणी, कागदी पाकिटात ठेवायचे कपडे (प्लास्टिकमध्ये बुरशी धरते), ‘जखम नाही’ म्हणजे ‘काही झालं नाही’ असं नव्हे, हे आता आम्हाला पाठ आहे. संस्थेतली प्रकरणं बहुधा महिन्यांनी बाहेर येतात, त्यामुळे वैद्यकीय कागदाकडून फार अपेक्षा ठेवायची नाही.

कोर्टात खटला सरकारी वकील चालवतात. तुम्ही पोक्सोच्या कलम 40 खाली मुलाच्या बाजूने. तरी साक्षीच्या आदल्या दिवशी जाऊन पडदा लागलाय का, दुभाषी ठरलाय का, आरोपीला कुठल्या दाराने आणणार, हे बघणाऱ्या तुम्हीच. प्रश्न न्यायाधीशांमार्फत विचारायचे सोडून थेट मुलाला विचारले जाऊ लागले की ‘कलम 33’ एवढंच म्हणून उभ्या राहता. जामिनाच्या अर्जाची नोटीस पीडिताला मिळालीच पाहिजे, हे मुंबई उच्च न्यायालयाने 2021 मध्ये सांगितलंय. ती मिळाली नाही तर तुम्ही तारीख पुढे जाऊ देता, पण मुलाच्या पाठीमागे सुनावणी होऊ देत नाही.

पैशांचं बोलायला लोक लाजतात, तुम्ही लाजत नाही. पोक्सो नियम 2020 च्या नियम 9 खाली अंतरिम भरपाई एफआयआरनंतर केव्हाही मागता येते, शिक्षा होण्याची वाट बघावी लागत नाही. आरोपी सुटला किंवा सापडलाच नाही तरी भरपाईची शिफारस होऊ शकते. अत्याचारपीडितांसाठीच्या राज्याच्या मनोधैर्य योजनेचा अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे. अडतं ते क्षुल्लक जागी: मुलाचं बँक खातं संस्थेच्याच अधीक्षकाच्या पालकत्वाखाली उघडलेलं निघतं. नवं खातं आधी, अर्ज मग, हा क्रम तुमचा. एसटीच्या भाड्यासाठी, कपड्यांसाठी बाल कल्याण समितीमार्फत नियम 8 ची तातडीची मदत निघते, तीही आम्ही तुमच्यामुळेच मागू लागलो.

निकाल विरुद्ध गेला तर पीडिताला स्वतःला अपील करता येतं. 18 ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरला मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच (फिरतं खंडपीठ) सुरू झालंय आणि सोलापूर त्याच्या हद्दीत आहे. मुंबईची रात्रीची गाडी वाचली. तुमच्या गुडघ्यांच्या दृष्टीने तर ही बातमी आणखीच चांगली.

वही भरत आलीय. नवी आणून ठेवली आहे, 200 पानी, कोरी. उभी रेघ तुम्हीच आखा, आमची वाकडी येते.

आपली,
सपोर्ट पर्सन मंडळी, सोलापूर