दाढी राखणाऱ्यांसाठी आणि ती पाहणाऱ्यांसाठी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

‘दाढी राखली की माणूस भारदस्त दिसतो’ किंवा ‘दाढीवाल्यावर लोक चटकन विश्वास टाकत नाहीत’ अशी सरसकट विधाने पुरवण्यांमधून वारंवार वाचायला मिळतात. दोन्ही अर्धवट आहेत. पाच दिवसांचे खुंट, दहा दिवसांची दाट वाढ आणि महिन्याची भरलेली दाढी यांकडे लोक एकाच नजरेने पाहत नाहीत. त्यातही मानेवरची कड कुठे घेतली आहे, ओठ दिसतात की झाकले गेले आहेत, यावर पाहणाऱ्याचे मत पालटते. या सरसकटपणाचा तोटा दाढी राखू पाहणाऱ्या तरुणांना होतो, तसाच मुलाखत घ्यायला समोर बसणाऱ्यांनाही होतो. म्हणून जरा सविस्तर लिहीत आहोत.

बार्नाबी डिक्सन आणि रॉब ब्रूक्स या संशोधकांचा २०१३ मधला अभ्यास या विषयात पायाभूत मानावा असा आहे. त्यांनी त्याच त्या पुरुषांची चार अवस्थांतली छायाचित्रे लोकांना दाखवली: गुळगुळीत, पाच दिवसांचे खुंट, दहा दिवसांची वाढ आणि चार आठवड्यांची पूर्ण दाढी. स्त्रियांना दहा दिवसांची वाढ सर्वांत आकर्षक वाटली. उरलेल्या तिन्हींना त्यांनी जवळपास सारखेच, कमी गुण दिले. पुरुषांच्या लेखी पाच दिवसांचे खुंट सर्वांत खाली राहिले. मात्र हा माणूस चांगला बाप होईल का, याची तब्येत चांगली असेल का, असे विचारल्यावर स्त्री-पुरुष दोघांनीही पूर्ण दाढीला वरचे स्थान दिले. मर्दानीपणाचे गुण तर केस वाढतील तसे चढतच गेले.

पाच दिवसांचे खुंट का मार खातात, याचे कारण कात्री-कंगवा हातात असलेल्याला लगेच कळते. दाढीचा केस दिवसाला साधारण पाव ते अर्धा मिलिमीटर वाढतो. पाचव्या दिवशी तो दीड-दोन मिलिमीटरचा असतो आणि त्वचेपासून ताठ उभा राहतो, त्यामुळे केसांमधली प्रत्येक रिकामी जागा उघडी पडते. पाहणाऱ्याला दाढी राखल्यासारखे वाटत नाही, करायची राहून गेल्यासारखे वाटते. दहाव्या दिवसापर्यंत केस तीन-चार मिलिमीटरचे होतात, थोडे झुकतात आणि शेजारची फट झाकतात. चार आठवड्यांनी लांबी सेंटिमीटरच्या आसपास जाते आणि तेव्हा कुठे दाढीला आकार देण्याजोगे काही हाती येते. पहिल्या आठवड्यातल्या शेरेबाजीला कंटाळून वस्तरा हातात घेणारे अनेक जण नेमक्या सर्वांत वाईट दिसणाऱ्या टप्प्यावर निकाल लावून मोकळे होतात. महत्त्वाची मुलाखत किंवा ओळखपत्रासाठी फोटो काढायचा असेल, तर दाढी वाढवायला त्याच्या आधी किमान महिनाभर सुरुवात करावी, नाहीतर ते काम उरकल्यावर करावी.

सभोवताली काय चालू आहे, यावरही बरेच अवलंबून असते. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, ज्यांना दाखवलेल्या चित्रांत बहुतेक चेहरे दाढीचे होते त्यांना गुळगुळीत चेहरे अधिक आवडले आणि ज्यांच्यापुढे दाढीवाले मोजकेच होते त्यांना दाढी अधिक आवडली. कार्यालयात सगळेच दाढी राखू लागले की तिचे वेगळेपण संपते, असा याचा व्यवहारातला अर्थ आम्ही घेतो.

आता रागाबद्दल. दाढीवाला माणूस नेहमी चिडल्यासारखा वाटतो, ही तक्रार खरी आहे, पण तिची उकल लोक समजतात तशी नाही. बेलिंडा क्रेग आणि सहकाऱ्यांच्या २०१९ मधल्या प्रयोगांत दाढीच्या चेहऱ्यावरचा राग लोकांनी अधिक वेगाने आणि अचूक ओळखला. दाढीबद्दल मुळातच आकस असता तर दुःखासारखी दुसरी नकारात्मक भावनाही अधिक लवकर ओळखली गेली असती. तसे झाले नाही. उलट, दाढीवाल्या हसऱ्या चेहऱ्याला लोकांनी गुळगुळीत चेहऱ्यापेक्षा अधिक मनमिळाऊ ठरवले. भावना ओळखणाऱ्या संगणक प्रणालीवरही दाढीचा असाच परिणाम दिसला. म्हणजे दाढीमुळे चेहऱ्याची ठेवण वेगळी भासत असावी आणि त्यामुळे राग चटकन ओळखू येत असावा. मग जो सहसा निर्विकार चेहऱ्याने बसतो, त्याने काय करावे? ओठांचे कोपरे उघडे ठेवावेत. मिशीचे केस कोपऱ्यांवरून खाली लोंबले की तोंडाची रेषा खाली वळल्यासारखी दिसते आणि साधा चेहराही नाराज भासतो. दूरस्थ बैठकीला बसताना उजेड डोक्यावरून न घेता समोरून घ्यावा. वरून आलेल्या उजेडात काळ्या दाढीचा भाग आणखी काळवंडतो आणि पडद्यावर फक्त डोळे आणि कपाळ उरते.

दाढीमुळे चेहऱ्याचे प्रमाण बदलते, आणि लोकांचे मत बऱ्याचदा या प्रमाणावरच बनते. १८६० मध्ये ग्रेस बेडेल नावाच्या अकरा वर्षांच्या मुलीने अब्राहम लिंकन यांना पत्र लिहून कळवले होते की तुमचा चेहरा फार बारीक आहे, दाढी राखलीत तर अधिक चांगले दिसाल. लिंकन यांनी दाढी राखली, मिशी मात्र ठेवली नाही. लांबट, गाल बसलेल्या चेहऱ्याला बाजूचे केस भरीव हवेत आणि हनुवटीखालचे आखूड. गोल चेहऱ्याला नेमके उलटे लागते: गालांवर चार-सहा मिलिमीटर, हनुवटीवर दहा-बारा. चौकोनी जबड्याला कोपऱ्यांवर केस वाढू दिले तर चेहरा पेटीसारखा दिसू लागतो.

सर्वांत जास्त नुकसान मानेवरची कड चुकल्याने होते. ती जबड्याच्या हाडावरूनच कोरून घेण्याची चूक सर्रास दिसते. तसे केल्यावर हनुवटीखालची उघडी त्वचा समोरून दिसते, दुहेरी हनुवटी नसली तरी असल्याचा भास होतो आणि दाढी चिकटवल्यासारखी वाटते. कंठमण्याच्या वर दोन बोटे आडवी ठेवावीत. वरच्या बोटाची वरची बाजू हा मध्यबिंदू. तिथून दोन्ही बाजूंना कानाच्या पाळीमागे जाणारी हलकी वक्र रेषा मनात धरावी आणि तिच्याखालचे सगळे काढावे. हे करताना आरशात सरळ पाहावे. मान मागे टाकून आखलेली रेषा मान सरळ झाल्यावर जागेवर राहत नाही. गालावरची कड कल्ल्याच्या खालच्या टोकापासून मिशीच्या कोपऱ्याकडे, जशी मुळात उगवते तशीच ठेवावी आणि फक्त वरचे विखुरलेले केस टिपावेत. डावी बाजू जरा खाली गेली म्हणून उजवी उतरवायची, मग पुन्हा डावी, असे करत दोन्ही रेषा जबड्यापर्यंत घसरलेल्या आम्ही नेहमी पाहतो. मशीन बाजूला ठेवून चार पावले मागून पाहावे. समोरच्या माणसाला त्याच अंतरावरून दाढी दिसते, आणि तेवढ्या अंतरावरून एक मिलिमीटरचा फरक कुणाच्याच लक्षात येत नाही.

मशीनच्या नंबरांचा घोळही सांगायला हवा. केसांच्या मशीनवर एक नंबर म्हणजे सुमारे तीन मिलिमीटर, दोन म्हणजे सहा आणि तीन म्हणजे साडेनऊ-दहा. दाढीच्या बऱ्याच ट्रिमरवर मात्र आकडा थेट मिलिमीटरचा असतो. ‘तीन नंबर मारा’ म्हणणाऱ्याच्या मनात दहा असते आणि हाती तीन येते. त्यामुळे लांबी मिलिमीटरमध्येच सांगावी. दाढी कोरडी असताना, विंचरून घेऊन, हव्या त्यापेक्षा एक पायरी मोठा गार्ड (मशीनच्या तोंडाला लावायचा कंगवा) लावून सुरुवात करावी. ओला केस ताणून लांब दिसतो आणि वाळल्यावर आखडतो, म्हणून ओल्यात कापलेली दाढी नेहमी अपेक्षेपेक्षा आखूड निघते.

अस्वच्छ असल्याचा शिक्का बसतो तो बहुधा खाजवण्यामुळे आणि कोंड्यामुळे. वस्तऱ्याने कापलेल्या केसाचे टोक सपाट आणि कडेला धारदार असते. वाढताना ते त्वचेला टोचते आणि कुरळे केस तर परत त्वचेत शिरून पुटकुळ्या आणतात. पहिले दोन-तीन आठवडे हे चालते. सौम्य फेसवॉशने धुवावे, किंचित ओलसर असताना दोन-तीन थेंब तेल मुळांपर्यंत चोळावे. पण पिवळसर, चिकट कोंडा आणि लाली असेल तर तेल थांबवावे. त्या कोंड्यामागे असणारी बुरशी चरबीवरच पोसते. अशा वेळी डॉक्टरांना विचारून किटोकोनाझोल या बुरशीनाशकाचा शाम्पू वापरावा आणि तो लावून तीन ते पाच मिनिटे ठेवून मगच धुवावा. अचानक गोल, गुळगुळीत टक्कल पडले तर त्वचारोगतज्ज्ञाकडे जावे, कारण ते चाई असू शकते. मुळातच विरळ असलेल्या दाढीवर वस्तरा फिरवून ती दाट होत नाही. कापलेले टोक निमुळते न राहता सपाट असल्याने केस तात्पुरता जाड भासतो, इतकेच. विरळ दाढी तीन-चार मिलिमीटरवर ठेवली तर एकसारखी दिसते. पंचविशीच्या आत असणाऱ्यांनी थोडी वाट पाहावी, कारण अनेकांची दाढी तिशीपर्यंत भरत जाते.

दाढीने वय वाढलेले दिसते. डिक्सन आणि पॉल व्हेसी यांच्या २०१२ मधल्या अभ्यासात न्यूझीलंड आणि सामोआ या दोन्ही ठिकाणच्या लोकांनी दाढीवाल्या पुरुषांना वयाने मोठे आणि प्रतिष्ठेने वरचे मानले, पण स्त्रियांनी त्यांना अधिक देखणे मानले नाही. तरुण शिक्षकाला किंवा डॉक्टरला याचा उपयोग होतो. पन्नाशीत पांढऱ्या हनुवटीने नोकरी शोधणाऱ्याला ते अडते. रंग लावायचा तर डोक्याच्या केसांपेक्षा एक छटा फिका घ्यावा, कारण गडद काळ्या रंगाने कडा रंगवल्यासारख्या उठून दिसतात. आधी कानामागे थोडा लावून ४८ तास थांबावे. काळ्या रंगांतल्या पीपीडी या रसायनाची ॲलर्जी चेहरा सुजवू शकते.

मुलाखत घेणाऱ्यांना आमची विनंती आहे. दाढी पाहून जो दरारा वाटतो, तो ताकदीचा पुरावा नव्हे. मिश्र मार्शल आर्ट्समधल्या व्यावसायिक लढवय्यांच्या निकालांची तपासणी झाली तेव्हा दाढीवाल्यांना कसलाही फायदा आढळला नाही. तसाच तो उर्मटपणाचाही पुरावा नव्हे. जिथे घट्ट बसणारा एन-९५ मास्क किंवा श्वसनसंरक्षक वापरणे सक्तीचे आहे, तिथे दाढीला हरकत घेणे रास्त आहे: मास्कची कड जिथे त्वचेला चिकटते तिथे खुंट असले तरी हवा बाजूने आत शिरते. अशा जागांसाठी जाहिरातीतच तसे स्पष्ट लिहावे. इतर ठिकाणी ‘नीटनेटके’ हा निकष कड, लांबी आणि स्वच्छता यांना लावावा, दाढी असण्या-नसण्याला नव्हे.

शेवटी एक मुद्दा, जो दाढीवरच्या लेखांत जवळजवळ कधीच येत नाही. ऐकू कमी येणारी अनेक माणसे समोरच्याचे ओठ पाहून बोलणे समजून घेतात. वरचा ओठ मिशीने झाकला गेला की त्यांच्या लेखी बोलणारा अर्धा मुका होतो. शिक्षक, डॉक्टर, परिचारक, खिडकीवर बसणारे कर्मचारी यांनी दाढी कितीही राखावी, पण दर आठ-दहा दिवसांनी मिशी सरळ खाली विंचरावी, तोंड मिटून सैल ठेवावे, हसू नये (हसताना ओठ वर ताणला जातो आणि कड चुकते) आणि लहान कात्रीने मधून कोपऱ्यांकडे जात, वरच्या ओठाच्या कडेशी येणारा केस कापून घ्यावा.

आपले नम्र,
केशकर्तन कलेचे दोन प्रशिक्षक