सरसकट ‘टाळा’ नको

गरोदरपणात अँटिबायोटिक टाळावीत, अशा आशयाचा लेख आपल्या आरोग्य पुरवणीत वाचला. हेतू चांगला, पण सरसकट ‘टाळा’ म्हणणे पटत नाही. आमच्या सुनेला सहाव्या महिन्यात लघवीचा संसर्ग निघाला. त्रास काहीच नव्हता, नेहमीच्या तपासणीत कळले. डॉक्टरांनी सात दिवसांच्या गोळ्या दिल्या. तिसऱ्या दिवशी शेजारणींनी ‘पोटातल्या बाळाला बाधतील’ म्हणून घाबरवले आणि घरात शहाळ्यांचा ढीग पडला. (शहाळी वाईट नव्हेत, पण त्यांनी जंतू मरत नाहीत.) उरलेली पट्टी मला फ्रिजवर, दुधाच्या हिशेबाच्या वहीखाली सापडली. असा संसर्ग अंगावर काढला तर तो मूत्रपिंडापर्यंत चढू शकतो, दिवस भरण्याआधी बाळंतपणाचा धोका वाढतो. म्हणूनच लक्षणे नसली तरी लघवीत जंतू आढळल्यास सात दिवसांचा कोर्स द्यावा, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये केली. टाळायची ती टेट्रासायक्लिनसारखी, बाळाच्या दातांवर-हाडांवर परिणाम करणारी औषधे; अमॉक्सिसिलिन हे अँटिबायोटिक त्या रांगेतले नव्हे. हा फरक लेखात हवा होता. चिठ्ठीविना पट्टी काढून देणाऱ्या फार्मसीवाल्यांबद्दलही दोन ओळी चालल्या असत्या.

— एक वाचक, फोंडा