मॅक्सकाका, तुमच्या रानाबद्दल थँक्यू

प्रिय मॅक्सकाका,

वूडस्टॉकबद्दल, म्हणजे १९६९ मधे अमेरिकेत झालेल्या त्या तीन दिवसांच्या संगीत फेस्टिव्हलबद्दल बोलायचं म्हटलं की सगळे गिटारवाल्या जिमी हेंड्रिक्सपासून सुरू करतात, मी तुमच्यापासून, ज्यांच्या शेतात तो झाला त्या मॅक्स यासगरपासून करणार, कारण आमच्या घरी पण गोठा आहे, रोज पहाटे धारा काढून दूध डेअरीत घालणारं घर आहे आमचं, आणि भर ऑगस्टमधे लसूणघासाचं रान परक्या पोरांना वापरायला देणं म्हणजे काय ते आमच्यासारख्यांना लगेच कळतं. हेंड्रिक्सची गिटार मी हजारदा ऐकली असेल, पण तुमच्याबद्दल वाचल्यापासून त्या सगळ्या गाण्यांमागे मला तुमचं रान दिसायला लागलं.

१९६९ चा उन्हाळा. मायकेल लँग, आर्टी कॉर्नफेल्ड, जॉन रॉबर्ट्स आणि जोएल रोझनमन, फेस्टिव्हलचे हे चौघं आयोजक पंचविशीच्या आसपासचे, बँड बुक झालेले, तिकिटं विकायला काढलेली (तीन दिवसांचं १८ डॉलर), आणि जुलैच्या मध्यावर न्यूयॉर्क राज्यातल्या वॉलकिल गावाने, जिथे तो ठरला होता, सांगितलं की आमच्याकडे हा कार्यक्रम होणार नाही. हातात उरला एक महिना. एवढ्या थोड्या दिवसांत दुसरीकडे जागा मिळणं जवळपास अशक्यच, आणि तेव्हा त्याच राज्यातल्या बेथेल गावात तुम्ही तुमचं ते उतरतं रान दाखवलंत, तिन्ही बाजूंनी चढ, खाली स्टेजला सपाट जागा, मागे तळं. नाव राहिलं वूडस्टॉकचं, ते गाव तिथून सत्तरेक किलोमीटर लांब, पण फेस्टिव्हल झाला तुमच्या ६०० एकरांवर.

तुम्ही भाडं घेतलंत. काही लोक हे जरा दबक्या आवाजात सांगतात, मला त्यात दबकण्यासारखं काहीच वाटत नाही. त्या वर्षी पाऊस जास्त झाला, गवत नीट वाळवता आलं नाही आणि वैरण विकत घ्यायची वेळ आली होती. सलिव्हन काउंटीमधले सगळ्यात मोठे दूध उत्पादक तुम्ही, गोठ्यात शेकडो गायी, बहुतेक गर्न्सी जातीच्या (आपल्याकडच्या जर्सीच्या शेजारच्याच बेटावरची जात, पिवळसर दूध, फॅट चांगली), एवढ्या जनावरांना वैरण पुरवायची म्हणजे पैसा लागतोच. शेतकऱ्याने जमिनीचे पैसे घेणं यात कमीपणा कसला? पण पैशासाठी दिलेला शब्द माणूस पहिला धक्का बसला की मागे घेतो, आणि तुम्हाला धक्के तर लगेच बसायला लागले.

गावात बोर्ड लागला की मॅक्सचं दूध घेऊ नका, हा हिप्पी कार्यक्रम थांबवा. दूधवाल्याला याच्यापेक्षा मोठी धमकी कुठली? दूध नाशवंत, ते उद्यावर ढकलता येत नाही, गिऱ्हाईक दोन दिवस तुटलं तरी घर हलतं. मिरियमकाकूंनी नंतर सांगितलंय की तो बोर्ड बघितला तेव्हाच त्यांना कळलं, आता मॅक्स मागे हटत नाही. मला हे वाचून तुमच्याबद्दल जेवढं वाटलं तेवढंच काकूंबद्दल वाटलं, कारण असे निर्णय एकट्याचे नसतात, घरातून साथ लागते.

आणि तुम्ही काही त्या पोरांच्या विचारांचे नव्हता. रिपब्लिकन, व्हिएतनाम युद्धाच्या बाजूचे, लांब केस आणि ड्रग्ज अजिबात न आवडणारे. तरी गावच्या कारभाऱ्यांच्या सभेसमोर (टाउन बोर्ड, आपल्या ग्रामपंचायतीसारखं) जाऊन सांगितलंत की मलाही यांचं राहणं पटत नाही, सरकारबद्दल हे जे बोलतात तेही पटत नाही, पण त्यांना तसं वागायचं स्वातंत्र्य असावं म्हणूनच आपली माणसं लढायांमधे गेली आहेत. आपल्या बाजूच्या माणसासाठी उभं राहणारे पुष्कळ बघितलेत, न पटणाऱ्या माणसासाठी आपलं दूध पणाला लावणारा मी तुमच्याशिवाय दुसरा वाचला नाही.

मग १५ ऑगस्ट, शुक्रवार. कुंपण पूर्ण झालंच नव्हतं, स्टेज उभं करायचं की कुंपण अशी वेळ आलेली आणि त्यांनी स्टेज निवडलं. तिकिटं आधी विकली गेली होती १,८६,००० च्या घरात, आले चार लाखांच्या वर, रस्ते मैलोनमैल तुंबले, कलाकारांना हेलिकॉप्टरने आणायला लागलं. खाणं संपलं. तेव्हा आजूबाजूला कोणीतरी पोरांना पाणी विकतंय हे तुमच्या कानावर आलं आणि तुम्ही भडकलात, पाण्याचे पैसे कसले घेता म्हणून, आणि फुकट पाण्याची पाटी लावलीत, डेअरीतल्या रिकाम्या बाटल्या भरून वाटायला लावल्यात, दूध आणि दुधाचे पदार्थ होते तेही देऊन टाकलेत. जवळच्या माँटिसेलो गावच्या ज्यू कम्युनिटी सेंटरमधल्या बायकांनी सँडविचेस करून पाठवली, हॉग फार्म नावाच्या हिप्पी कम्यूनवाल्यांनी मोठ्या पातेल्यांत रांधून कपातून वाटलं. फेस्टिव्हल गाण्यांवर झाला असं म्हणतात, मी म्हणेन या वाटपावर पण झाला.

रविवारी तुम्ही स्टेजवर गेलात. मी शेतकरी आहे, वीस माणसांसमोर पण मला बोलता येत नाही, असं म्हणत सुरुवात केलीत आणि समोर लाखो! मी ते रेकॉर्डिंग ऐकतो तेव्हा तुमच्या आवाजात जो साधेपणा आहे तो त्या तीन दिवसांतल्या कुठल्याही गाण्याइतकाच आवडतो मला.

आमचं माणूसही त्या स्टेजवर होतं बरं का. पहिल्याच रात्री, पावसात, पंडित रविशंकर सतार वाजवत होते, तबल्यावर उस्ताद अल्लारखाँ आणि तानपुऱ्यावर माया कुलकर्णी. हे नाव आपल्याकडे किती कमी लोकांना माहितीय! पंडितजींना तो चिखल आणि गर्दी रुचली नव्हती, चिखलात बसलेल्या म्हशींची आठवण झाली असं ते नंतर म्हणाले, आणि संगीताकडे पूजा म्हणून बघणाऱ्या माणसाला तसं वाटणं मी समजू शकतो. पण तानपुऱ्याचा तो सूर तुमच्या रानावर घुमला याचा मला अभिमान आहे.

सगळं गोड नव्हतं. पोरं दगावली, त्यातला एक शेजारच्या गवताच्या रानात स्लीपिंग बॅगमधे झोपलेला असताना ट्रॅक्टरखाली गेला, हे वाचलं की पोटात कालवतं. मागे चिखल आणि कचऱ्याचे ढीग राहिले, शेजारी कोर्टात गेले, गावाने मोठ्या गर्दीच्या कार्यक्रमांवर बंदी आणली. दुसऱ्या वर्षी परत जागा मागितली तेव्हा तुम्ही नाही म्हणालात, मला डेअरी चालवायचीय. तेही बरोबरच होतं.

मी हे का लिहितोय तर आमच्या वडिलांना माझी गाणी आवडत नाहीत, त्यांना भजन आणि नाट्यगीतं, पण पोरांचा बँड काढला तेव्हा गावात कोणी जागा देईना आणि त्यांनी कडब्याची शेड रिकामी करून दिली, वर एवढंच म्हणाले की धारांच्या वेळेला वाजवू नका, जनावरं बिथरतात. भावकीतले बोलायला आले तेव्हा दारात उभं राहून त्यांनीच उत्तर दिलं. तुमची गोष्ट त्यांना वाचून दाखवली तर गप्प ऐकली आणि पहिला प्रश्न विचारला, वैरणीची भरपाई मिळाली का त्या माणसाला? मिळाली, ५०,००० डॉलरची तडजोड झाली, हे सांगितल्यावर त्यांना बरं वाटलं.

तुम्ही १९७३ मधे गेलात, वय फक्त ५३, आणि रोलिंग स्टोन मासिकाने दूधवाल्या माणसासाठी पूर्ण पानाचा मृत्युलेख छापला. फेस्टिव्हलवर निघालेल्या 'वूडस्टॉक' या डॉक्युमेंटरी फिल्मला ऑस्कर मिळालं, कर्जात बुडालेल्या आयोजकांचे पैसे पुढे फिल्म आणि रेकॉर्डमधून निघाले. तुमचा उतार अजून मोकळा ठेवलाय, वर म्युझियम झालंय, २०१७ मधे ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय यादीत जागा गेली.

पुण्यात विकेंडर या संगीत फेस्टिव्हलला लांबलचक मैदानात पोरं गिटार ऐकत उभी असायची तेव्हा मी मनातल्या मनात तुमचं नाव घ्यायचो. जागेसाठी, पाण्यासाठी, दुधासाठी आणि टाउन बोर्डासमोरच्या त्या बोलण्यासाठी मनापासून आभार. मिरियमकाकूंनाही नमस्कार.

तुमचा,
सांगलीकडच्या एका दूधवाल्याचा मुलगा