लगच्या फ्रेमचा कस कडेवर कळतो

महोदय,

सायकलची जुनी लगची, म्हणजे नळ्या पोलादी खोळींत बसवून जोडलेली, पोलादी फ्रेम रंगवून घेण्याची हौस पुण्यात अजून टिकून आहे, पण बहुतेकांची चर्चा रंगाच्या छटेवरच संपते. खरी कारागिरी रंगाखाली असते.

रंग काढल्यावर लगची कड भिंगाखाली पाहा. नळी आणि लग यांच्यामध्ये पितळेच्या किंवा चांदीच्या डाखाची बारीक, सलग रेघ दिसली पाहिजे. कुठे काळा ठिपका किंवा खाच असेल, तर तिथे फ्लक्स (डाख नीट वाहावा म्हणून लावलेला लेप) जळालेला असतो आणि डाख आत पोहोचलेला नसतो. चांदीच्या डाखाला सुमारे ०.१ मिमी फट लागते. ती सैल असेल तर तो भरत नाही, तिथे पितळच वापरावे. पण पितळ ९०० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळते. त्यापुढे ज्योत रेंगाळली की जस्त उडून पांढरा धूर निघतो, डाख सच्छिद्र होतो आणि पातळ नळी लगच्या कडेला कमकुवत पडते. तडा बहुधा तिथेच जातो. लगची टोके कानशीने निमुळती करतात ती निव्वळ शोभेसाठी नव्हे. जाड टोकापाशी ताण एकदम साठतो.

बीबी (पेडलच्या आसाचा बेअरिंग-संच) काढून आतही डोकावा. नळ्यांच्या तोंडाशी डाख दिसला, तर तो आरपार गेला आहे.

रंग काढायला जाड वाळूचे ब्लास्टिंग (वाळूचा मारा) मात्र टाळा, नळीचा मधला भाग जेमतेम अर्धा-पाऊण मिमी जाड असू शकतो. आणि पावडर कोटिंगचा जाड थर? कानशीची सगळी मेहनत त्याखाली बुजते.

— एक वाचक, नारायण पेठ, पुणे